समुद्राकाठची वाडी आणि आपला पाहुणचार

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. परंतु आपल्या सेक्रेटरीबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही समुद्र पाहून आलात, तंबूत राहून आलात, तेच सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काय आहे? पण मागाहून विचार केला, तेव्हा वाटले की सांगण्यासारखे आहे, आणि ते समुद्रापेक्षा आपल्या घराविषयीच जास्त आहे. तेव्हा चुकले माकले तर पदरात घ्यावे.

माझे वय आता सेहेचाळीस. आजवर मी पाणी पाहिले ते आपल्या बोडीचे, घोडाझरीच्या तलावाचे, आणि फार झाले तर वैनगंगेचे. समुद्र चित्रातच पाहिलेला. माझी लेक लग्नानंतर पुण्यास असते. गेल्या फाल्गुनात तिने आणि जावयांनी घाट घातला की आईला समुद्र दाखवायचा. मी इथून भिवापूर-उमरेडवरून एस.टी.ने नागपूर गाठले, तिथून रेल्वेने पुणे, आणि पुण्याहून त्यांच्या गाडीने ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असे करीत रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेकडच्या टोकाला गेलो. नाना फडणविसांचे वेळास गाव तिथे आहे. त्याच्या जवळच्याच एका गावात एका कुटुंबाची नारळी-पोफळीची वाडी आहे. तिथे आम्ही चार रात्री राहिलो.

तंबू म्हणजे सर्कशीचा, एवढेच मला ठाऊक होते. लेक म्हणाली, "आई, आपण तंबूत झोपायचे." मी म्हटले, "अवं, आपल्याकडे पक्क्या घराला कडी लावून झोपतात, तरी गोठ्यात बिबट शिरते. आणि तू मला कापडाच्या घरात निजवतेस?" पण तिथे वाघ नाही. पहिल्या रात्री समुद्राची गाज ऐकून मला वाटले, सागाच्या रानात वारा सुटला आहे. पहाटे बाहेर काही खुडखुडले, तेव्हा मी नातीला छातीशी धरून बसले. उजाडल्यावर पाहते तो माझ्या चपलेत एक लहानसा खेकडा! घरात सर्वांची हसून पुरेवाट झाली.

आता त्या वाडीची व्यवस्था सांगते, कारण ती पाहण्यासारखी आहे. वाडी दोन-अडीच एकरांची. समुद्राच्या बाजूस सुरूच्या झाडांची रांग, ती वारा आणि उडणारी वाळू अडवते. तिच्या आत माड, माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, आणि खाली केळी, अळू, हळद. एकाच जमिनीत चार मजल्यांचे पीक. आपण बांधीत धान घेतो आणि बांधावर तूर लावतो, त्यातलीच ही युक्ती, पण जास्त बारकाईने केलेली. तंबू लावायला त्यांनी एकही झाड तोडलेले नाही. माडांच्या मधल्या मोकळ्या जागेत पेंढा पसरायचा, त्यावर चटई, त्यावर तंबू. पावसाळ्याआधी सगळे काढून माळ्यावर ठेवायचे. जमीन पुन्हा जशीच्या तशी.

अंघोळीला माणशी दोन बादल्या पाणी. मला नवल वाटले, की एवढा मोठा समुद्र शेजारी आणि पाण्याची ही काटकसर! घरच्या काकूंनी समजावून सांगितले. समुद्राकाठच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी अतिशय उपसले, की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा विहीर खारी झाली की वाडी गेली. म्हणून पाणी मोजून वापरायचे. अंघोळीचे आणि खरकट्याचे पाणी पाटाने केळींना व अळवाला. साबणाच्या आणि शाम्पूच्या पुड्या ज्याच्या त्याने परत न्यायच्या. तसा कागदच वाडीच्या फाटकाशी लावला आहे.

संडासही पाहण्यासारखा. तो विहिरीपासून दूर, वाडीच्या टोकाला. तिथे पाण्याचा लोंढा सोडायचा नाही, वरून मूठभर राख आणि पालापाचोळा टाकायचा. खड्डा भरला की वर्षभर झाकून ठेवतात आणि दुसरा वापरतात. पुढे त्याचेच खत माडांना घालतात. घाण मुळीच येत नाही. कोकणात हे काम नवे नव्हे. ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीस गोपुरी आश्रम काढून भंगीमुक्तीसाठी आणि सोनखतासाठी आपले आयुष्य वेचले. आपण मात्र अजून नाक मुरडतो.

रात्री दिवे अगदी मंद ठेवतात, आणि समुद्राकडे तर एकही नाही. त्याचे कारण कासवे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पुन्हा मागे वळून पाहत नाहीत. पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि समुद्रावरच्या उजेडाच्या रोखाने चालू लागतात. माणसाने दिवा लावला, की ती फसून उलट गावाकडे येतात. पूर्वी ही अंडी माणसे पळवीत, राहिलेली कोल्हे-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून किनाऱ्यावरच कुंपण केलेल्या जागी पुरतात. २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याच्या दिवसांत तिथे कासव महोत्सव भरतो, आणि पाहायला आलेले लोक हॉटेलात न उतरता गावातल्या घरांतून उतरतात. घरचे जेवतात आणि घराला पैसे देतात. ज्या गावात अंडी विकली जात, त्या गावात आता अंडी राखण्याने चूल चालते.

आम्ही सकाळी तिथे गेलो. दोऱ्या बांधून मागे थांबवलेल्या माणसांच्या पुढे वाळूवर टोपली उचलली, तो तळहाताएवढी नव्हेत, त्याहूनही लहान अशी अकरा पिल्ले! लुटूलुटू चालत निघाली. एकीला लाट आली की ती मागे ढकलली जाई, पुन्हा निघे. माझ्या डोळ्यांत पाणी आले. कोणी बोट लावून मदत करायची नाही असा नियम आहे, त्यांचे त्यांनीच चालायचे. तिथल्या मुलाने आणखी एक सांगितले. वाळू जास्त तापलेली असली की अंड्यांतून माद्या जास्त निघतात, आणि थंड असली तर नर. शेजारच्या एक बाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे लेकी उन्हातच घडतात!" आम्ही सगळ्या हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात राहिले.

भगिनींनो, इथवर मौजेच्या गोष्टी झाल्या. आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. रिकामे बसण्याची आपल्याला सवय नाही. त्या ओल्या काजूगरांची उसळ करीत होत्या, मी नारळ खवायला घेतला. बोलता बोलता मी विचारले, "काकू, हे तंबूचे कसे सुचले?" त्या म्हणाल्या, "सुचले नाही हो, वेळ आली." ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. दुपारच्या दोन-तीन तासांत त्यांच्या वाडीतले निम्म्याहून अधिक माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी आडव्या झाल्या. माड नवा लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय? त्यात ती करोनाची साथ. मालकांनी ठरवले की वाडी विकायची आणि मुंबईला मुलाकडे जायचे. मुंबईचे गिऱ्हाईकही आले. काकू म्हणाल्या, "मी सासूने लावलेल्या माडाला पाठ लावून उभी राहिले. म्हटले, मला दोन वर्षे द्या."

साथ ओसरल्यावर त्यांनी दोन तंबूंपासून सुरुवात केली. मग त्यांनी फडताळातून एक वही काढून मला दाखवली. भगिनींनो, ती वही मी समुद्राइतकीच डोळे भरून पाहिली. पाहुण्यांकडून माणशी दिवसाचे आठशे रुपये घेतात. वहीत प्रत्येक दिवसाचे पान. तांदूळ, डाळ, तेल यांचा खर्च. गॅस आणि लाकडे. भांडी घासायला येणाऱ्या बाईची मजुरी. घरच्या झाडाचा नारळ फोडला तरी तो बाजारभावाने मांडलेला. मी विचारले, "घरचा नारळ का मांडता?" त्या म्हणाल्या, "तो विकला असता तर पैसे आले असते ना? मग फुकट कसा?" आणि शेवटच्या रकान्यात लिहिले होते, 'माझी मजुरी.' रोजची. पोस्टातल्या त्यांच्या स्वतःच्या खात्यात ती दर महिन्याला जमा होते. सगळे वजा जाऊन जे उरेल, तो वाडीचा नफा. त्यातून नवे माड आणि पोफळी लावल्या. आम्ही गेलो तेव्हा ती रोपे माझ्या खांद्याला लागत होती.

मी सातवी शिकले. वजाबाकी मला येते. पण स्वतःची मजुरी हिशेबात मांडायची असते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी आपल्या मंडईचा विचार करीत होते. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असते. घरोघरी सोयरे येतात. गेल्या मंडईला आमच्या घरी बावीस माणसे होती, दोन दिवस. पहाटे चारला मी चूल पेटवली आणि नाटकाचा तिसरा अंक सुरू झाला तेव्हा भांडी आवरली. पंचवीस वर्षांत मी मंडईचे नाटक एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेले नाही. गैरसमज नसावा, सोयऱ्यांकडून पैसे घ्या असे मी म्हणत नाही. पाहुणा हा आपल्या दाराची शोभा आहे. पण ज्या कामाची समुद्राकाठी मजुरी मांडली जाते, त्या कामाला आपल्या घरी काम असेही म्हणत नाहीत. "तू घरीच तर असतेस," असे म्हणतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी सर्वांसाठी भात रांधला. इथून पाच किलो एच.एम.टी. तांदूळ आणि जवसाची चटणी मी भेट म्हणून नेली होती. काकूंनी घास घेतला आणि विचारले, "हा इतका मऊ, बारीक तांदूळ कुठला?" तेव्हा मी दादाजी खोब्रागड्यांची हकीकत सांगितली. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा लहान शेतकरी. शिक्षण माझ्याहूनही कमी. १९८३ साली आपल्या बांधीत वेगळी दिसलेली धानाची लोंबी त्यांनी काढून ठेवली, दर वर्षी थोडी थोडी वेगळी पेरून वाढवली, आणि त्यातून हे वाण झाले. त्या काळी एच.एम.टी. घड्याळांचा बोलबाला होता, म्हणून बाजारात हे नाव पडले. वाण दूरदूर पसरले, पण दादाजींच्या घरी पैसा काही त्या मानाने आला नाही. जून २०१८ मध्ये ते वारले. काकू हात धुवायचा विसरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, असा माणूस तुमच्या तालुक्यात होऊन गेला, तळी आहेत, जंगल आहे, मग तुम्ही पाहुण्यांना भात का नाही वाढत?"

याचे उत्तर मला देता आले नाही. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आमचे तीन एकर वावर आहे, त्यात एक लहानशी बोडी आहे, बोडीच्या पाळीवर मोहाची झाडे आहेत. घोडाझरीचे रान २०१८ साली अभयारण्य झाले, तेव्हापासून मोटारीतून माणसे येऊ लागली आणि जमिनीला भाव चढला. मागच्या उन्हाळ्यात नागपूरकडचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांना वावर विकत हवे आहे, तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे आहेत. आकडा मोठा होता. आमच्याकडे बोलणे झाले, "धानात काय उरते? विकून टाकू." मी चहा घेऊन उभी होते. मला कोणी विचारले नाही. विचारण्याचा प्रश्नही नव्हता, कारण सातबाऱ्यावर माझे नाव नाही. मला फक्त एवढे कळले की जे त्या गृहस्थांना आमच्या वावरात दिसते, ते आम्हाला दिसत नाही. ते पाहुण्यांना जेवू घालण्यासाठीच जमीन घेणार; आणि तिथे रांधायला उद्या मजुरीने कोण जाईल, तर आपणच.

परत आल्यावर मी घरात सांगितले, समुद्राकाठी काय पाहिले ते सगळे. तंबू आपल्याकडे चालायचे नाहीत, हे मलाही कळते. मोहफुले वेचायला पहाटे गेलेल्या कितीतरी बाया आपल्या भागात वाघाने नेल्या. त्या घरांचे दुःख आपण पाहिले आहे. परक्या माणसाला रानालगत कापडाखाली निजवणे हे पाप होईल. परंतु घरातली एक खोली आहे. कार्तिक ते माघ धान निघून हवा थंड असते, पाखरे तळ्यावर येतात. दिवसा वावर दाखवावे, बोडी दाखवावी, नांदेड गावची हकीकत सांगावी, एच.एम.टी.चा भात, जवसाची चटणी, वालाच्या शेंगांची भाजी वाढावी, संध्याकाळच्या आत घरी आणावे. कासवांसाठी ते लोक दिवे मालवतात, तसे आपण वाघासाठी अंधार पडण्याआधी दार लावावे. बोडी आटवायची नाही, मोह तोडायचा नाही. पाहुणा जे पाहायला येतो तेच मोडले, तर तो पुन्हा कशाला येईल?

सरकारी बाजूही मी विचारून घेतली. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा आरंभ झाला, आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारने त्याचे धोरण केले. शेतकऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते. २०२३ साली 'आई' नावाचे धोरण आले. त्यात पर्यटनाचा धंदा बाईच्या मालकीचा असेल आणि तीच तो चालवीत असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा ठेवला आहे. माझे म्हणणे असे, की कर्ज लगेच काढू नये; काकूंनी दोन तंबूंपासून सुरुवात केली, आपण एका खोलीपासून करावी. आणि तिसरी गोष्ट सर्वांत जुनी. १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतः तलाठ्याकडे अर्ज केला, तर सातबाऱ्यावर बायकोचे नाव त्याच्या नावाबरोबर लागते. त्याला कोर्टकचेरी नको, भांडण नको. सही मात्र त्याची लागते.

तो अर्ज मी आणून ठेवला आहे. देवघराच्या फळीवर आहे, सुपारी ठेवून. आमच्याकडचे माणूस वाईट नाहीत, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी वावर पुढच्या दिवाळीपर्यंत विकणार नाही असे कबूल केले आहे. अर्जाविषयी म्हणाले, "पाहू." त्या "पाहू"ला आता चार महिने झाले. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, आणि आमच्याकडे स्मरणिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाते, हेही मला ठाऊक आहे.

तोवर मी माझ्यापुरते एक काम सुरू केले आहे. दीड रुपयाची म्हणा, वीस रुपयांची म्हणा, एक वही आणली आहे. रोज रात्री त्यात लिहिते: किती माणसांचा स्वयंपाक, घरचे किती धान्य, किती लाकूड, आणि शेवटी माझी मजुरी. ती कोणी देत नाही, आणि मी मागतही नाही. पण लिहिते. पहिल्या महिन्याची बेरीज मी घरात वाचून दाखवली, तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आमचे सासरे म्हणाले, "वाचायला चष्मा दे, पुन्हा पाहतो."

माझी मंडळाला विनंती एवढीच. आपल्यापैकी ज्यांच्याकडे वावर आणि एखादी मोकळी खोली आहे, अशा पाच घरांनी पुढे यावे. एकटीने केले तर लोक हसतील. पाच जणींनी केले तर विचारायला येतील. येत्या कार्तिकात आपल्याच लेकीसुनांच्या ओळखीचे, नागपूर-पुण्याचे दोन-चार पाहुणे बोलावून पाहावेत. आणि कोणी आले नाही, तरी वही प्रत्येकीने घालावी. त्याला सरकारचे धोरण लागत नाही, कोणाची सहीही लागत नाही.

फार बोलले. चहा थंड होत असेल. आजचा चहा आणि पोहे पाच भगिनींनी पहाटेपासून केले आहेत. जाताना त्यांची नावे विचारून घ्या, आणि किती वेळ लागला तेही विचारा. एवढे सांगून मी आपली रजा घेते.